विश्लेषण : आकाशात नवतारे, मुंबईवर ढग! दहा मिनिटांच्या उघडिपीतली नोंदही मोलाची का?

जून २०२५ मध्ये दक्षिण आकाशात लागोपाठ दोन नवतारे सापडले. दोन्ही इतके उजळले की अंधाऱ्या ठिकाणाहून ते नुसत्या डोळ्यांनी दिसू शकत होते. एकाच वेळी असे दोन नवतारे आकाशात असणे दुर्मीळच. मुंबईत मात्र २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच, म्हणजे पंचाहत्तर वर्षांत सर्वांत लवकर दाखल झाला आणि दुर्बिणी कपाटात गेल्या. दुसरीकडे, उत्तर मुकुट तारकासमूहातला एक तारा कधीही उसळेल म्हणून जगभरचे निरीक्षक वर्षभराहून अधिक काळ त्याच्यावर डोळे लावून बसले आहेत. तोही पावसाळ्यात उसळला तर? गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या गच्चीवरून यातले काय दिसू शकते आणि हौशी माणसाने केलेल्या नोंदीचे पुढे काय होते, हे समजून घेऊ.

जूनमध्ये नेमके काय सापडले?

१२ जून २०२५ रोजी ‘असास-एसएन’ या स्वयंचलित दुर्बिणींच्या जागतिक जाळ्याने वृक तारकासमूहात एक नवा प्रकाशबिंदू टिपला. त्याची दृश्यप्रत तेव्हा ८.७ होती. दृश्यप्रतीचा हिशेब उलटा असतो. आकडा मोठा तितका तारा मंद. स्वच्छ, अंधाऱ्या आकाशात माणसाच्या डोळ्याची मजल साधारण सहाव्या प्रतीपर्यंत जाते. दक्षिण आफ्रिकेतील ‘सॉल्ट’ दुर्बिणीने वर्णपट घेतल्यावर हा नवतारा असल्याचे पक्के झाले आणि त्याला ‘व्ही४६२ ल्युपी’ हे नाव मिळाले. आठवडाभरात तो साडेपाचव्या प्रतीच्या आसपास पोहोचला.

तो चर्चेत असतानाच २५ जूनला दुसरा नवतारा सापडला, व्हेला तारकासमूहात. व्हेला म्हणजे आकाशातल्या प्राचीन नौकेचे शीड. ‘व्ही५७२ व्हेलोरम’ हे त्याचे नाव. ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षक जॉन सीच यांनी साध्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रांत तो दिसला. दोनच दिवसांत तो पाचव्या प्रतीच्या आसपास गेला आणि तितक्याच घाईने उतरूही लागला. एक शोध यंत्रांच्या जाळ्याचा, दुसरा एका माणसाचा. या क्षेत्राची आजची स्थिती या दोन शोधांतून बरीचशी कळते.

नवतारा खरोखर नवा असतो का?

नाही. हा दोन म्हाताऱ्यांचा संसार असतो. एक श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. वस्तुमान जवळपास सूर्याइतके, आकार मात्र पृथ्वीएवढा. त्याच्याभोवती, किंवा खरे तर एकमेकांभोवती, फिरणारा दुसरा साधा किंवा फुगलेला तारा. श्वेतबटूचे गुरुत्वाकर्षण इतके जबरदस्त की तो जोडीदाराच्या अंगावरचा हायड्रोजन ओढून घेतो. हा वायू चकतीच्या रूपात फिरत फिरत श्वेतबटूवर साचतो. थरावर थर चढतात, तळाचा दाब आणि तापमान वाढत जाते.

साधा वायू तापला की प्रसरण पावतो आणि त्यामुळे थंड होतो. श्वेतबटूवरचा वायू इतका दाबलेला असतो की तापला तरी तो प्रसरण पावत नाही. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी अवस्था होते. तळाचे तापमान कोटी-दोन कोटी अंशांवर गेले की हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा बाहेर पडू लागते, त्या ऊर्जेने तापमान आणखी वाढते आणि शेवटी झाकण उडते. साचलेला थर सेकंदाला शेकडो ते हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. तारा काही तासांत किंवा दिवसांत हजारो, कधी लाखो पट उजळतो. पूर्वी तिथे काहीच दिसत नसल्याने जुन्या निरीक्षकांना तो नवा तारा वाटला, म्हणून नाव नवतारा.

कुकर मात्र शाबूत राहतो. अतिनवताऱ्यात ताराच उद्ध्वस्त होतो, इथे फक्त वरचा थर जातो. मग पुन्हा वायू साचू लागतो. बहुतेकांच्या बाबतीत पुढचा स्फोट हजारो वर्षांनी होतो. ज्यांचा श्वेतबटू फार जड असतो आणि वायूही भराभर मिळतो, असे काही मोजके तारे माणसाच्या आयुष्याच्या मापात पुन्हा उसळतात. त्यांना आवर्ती नवतारे म्हणतात. आपल्या आकाशगंगेत असे सुमारे दहाच ज्ञात आहेत.

आकाशगंगेत वर्षाला तीस ते पन्नास नवतारे उसळत असावेत असा अंदाज आहे. धुळीच्या पडद्याआडून सापडतात ते साधारण दहा. नुसत्या डोळ्यांना दिसतील असे त्याहून कितीतरी कमी.

यंत्रे असताना हौशी निरीक्षक कशाला?

नवतारा शोधण्याच्या शर्यतीत हौशी माणूस आता मागे पडत चालला आहे, हे मान्य करायला हवे. ‘असास-एसएन’सारखी जाळी हवामान साथ देईल तेव्हा रोजच्या रोज जवळपास सगळे आकाश पालथे घालतात. पण या यंत्रांची एक गंमत आहे. मंद तारे टिपण्यासाठी बनवलेल्या त्यांच्या कॅमेऱ्यांचे डोळे तेजस्वी ताऱ्याने दिपतात. साधारण दहाव्या प्रतीच्या वर गेलेल्या ताऱ्याचे चित्र संपृक्त होते आणि तेज अचूक मोजणे कठीण जाते. म्हणजे नवतारा उजळून खरा रंगात येतो, तेव्हाच मोठी यंत्रे अडखळतात. मोठ्या दुर्बिणींचा वेळ महिने आधी वाटून दिलेला असतो, त्यामुळे त्या रोज एकाच ताऱ्याकडे वळवता येत नाहीत. गच्चीवरचा बायनॉक्युलर किंवा तिपाईवरचा कॅमेरा मात्र रोज वळवता येतो.

दुसरे कारण रेखांशाचे. नवतारा कोणासाठी थांबत नाही. जून २०२१ मध्ये शौरी तारकासमूहात सापडलेला ‘व्ही१६७४ हर्क्युलिस’ एका दिवसाच्या आसपास दोन प्रतींनी, म्हणजे जवळपास सहापटीने मंदावला. अशा ताऱ्याचा पूर्ण प्रकाश आलेख मिळवायचा तर पृथ्वीच्या प्रत्येक बाजूला कोणी तरी जागे असावे लागते. जपान-ऑस्ट्रेलियात पहाट झाल्यावर आफ्रिका-युरोपात अंधार पडेपर्यंत मधले काही तास भारताचे. भारतावर ढग असतील तर आलेखात तेवढी फट राहते.

या नोंदींचे पुढे काय होते, याची तीन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. मार्च २०१० मध्ये जपानी हौशी निरीक्षकांनी हंस तारकासमूहातील ‘व्ही४०७ सिग्नी’ उसळल्याचे कळवले. त्याच दिवसांतल्या नोंदी ‘फर्मी’ उपग्रहाने तपासल्या तेव्हा तिथून गॅमा किरण येत असल्याचे आढळले. नवताऱ्यातून इतक्या प्रचंड ऊर्जेचे किरण निघतात हे तोपर्यंत कोणाला माहीत नव्हते.

ऑगस्ट २०१३ मध्ये कोइची इटागाकी या जपानी हौशी निरीक्षकाने धनिष्ठा तारकासमूहात ‘व्ही३३९ डेल्फिनी’ शोधला. हवाई बेटावरच्या ‘सुबारू’ दुर्बिणीने त्याच्या वर्णपटात बेरिलियम-७ हे मूलद्रव्य पाहिले. ते ५३ दिवसांच्या अर्धायुष्याने विघटित होऊन लिथियम बनते. आकाशगंगेतल्या लिथियमचा मोठा वाटा नवताऱ्यांच्या भट्टीतून आला असावा, या तर्काला त्यामुळे बळ मिळाले. ही बातमी ज्या फोनवर वाचली जात आहे, त्याच्या बॅटरीतले काही लिथियमही कुठल्या तरी विझलेल्या नवताऱ्याचे असू शकते.

तिसरे उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले. भुजंगधारी समूहातील ‘आरएस ऑफिउची’ हा आवर्ती नवतारा फेब्रुवारी २००६ मध्ये उसळला, तेव्हा नारायणगावजवळच्या खोडद येथील ‘जीएमआरटी’ रेडिओ दुर्बिणीने त्याचे कमी वारंवारतेचे रेडिओ तरंग टिपले. हाच तारा ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा उसळला. तेव्हा पहिली वर्दी आयर्लंडमधल्या एका हौशी निरीक्षकाची होती.

भारतात याची परंपरा आहे का?

आहे, आणि ती एका कारकुनापासून सुरू होते. आजच्या बांगलादेशातील जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक अनोळखी तेजस्वी तारा पाहिला. तो विसाव्या शतकातला सर्वांत तेजस्वी नवतारा ठरला. चंद्र यांनी आपली निरीक्षणे हार्वर्डला कळवली. रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘एएव्हीएसओ’ या अमेरिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले आणि १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. कचेरी सांभाळून त्यांनी साडेतीन दशकांत ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. ती दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. विद्यापीठाची पदवी नसलेला माणूस हे करू शकला, कारण या कामाला लागते ती चिकाटी.

महाराष्ट्रात पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले. हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या खगोल मंडळाने वांगणीच्या रात्रभराच्या आकाशदर्शनाची सवय मुंबईकरांच्या दोन पिढ्यांना लावली. मात्र आपल्याकडचा भर आकाश ‘दाखवण्यावर’ राहिला. शनीची कडी पाहून परतणाऱ्या शेकडो जणांपैकी नियमित मोजमापाकडे वळणारे फार थोडे. ही टीका कठोर वाटेल, पण नवताऱ्यांच्या बाबतीत तीच खरी अडचण आहे.

नवतारे पावसातच का सापडतात?

तारखा पाहिल्या तर मुंबईकराला आकाश आपल्यावर रुसले आहे असेच वाटेल. १९१८चा गरुडातला नवतारा जूनमधला. १९२०चा हंसातला ऑगस्टमधला. १९३६चा सरठ समूहातला जूनमधला. १९७५ मध्ये हंसात दुसऱ्या प्रतीपर्यंत उजळलेला ‘व्ही१५०० सिग्नी’ २९ ऑगस्टचा. २०१३चा धनिष्ठेतला ऑगस्टचा, २०२१चे दोन जून आणि ऑगस्टचे, आणि २०२५चे दोन्ही जूनचे.

यामागे अर्धे भूगोलाचे कारण आहे. नवतारे दाट तारकांच्या पट्ट्यात अधिक उसळतात. आकाशगंगेचा केंद्राकडचा भाग वृश्चिक आणि धनू राशींच्या दिशेला आहे आणि तिथून निघणारा तेजस्वी पट्टा गरुड, हंस असा वर उत्तरेकडे जातो. हा सगळा भाग रात्रीच्या पहिल्या प्रहरी डोक्यावर येतो तो जून ते सप्टेंबरमध्ये. युरोप, अमेरिकेत हा स्वच्छ उन्हाळा असतो आणि लोक बाहेर असतात. आपल्याकडे तोच काळ मोसमी ढगांचा. उरलेले अर्धे कारण असे की आपल्याला नकोशा तारखा अधिक लक्षात राहतात. ययाती समूहातला १९०१चा प्रसिद्ध नवतारा फेब्रुवारीत उसळला होता, शौरीतला १९३४चा डिसेंबरमध्ये.

ढगांवर एक भारतीय उपाय आहे, पण तो मुंबईपासून फार लांब आहे. लडाखमध्ये हानले येथे आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची ७० सेंटिमीटर व्यासाची ‘ग्रोथ-इंडिया’ ही स्वयंचलित दुर्बीण २०१८ पासून काम करते. हिमालयापलीकडे मोसमी पावसाचा जोर पोहोचत नाही. क्षणिक स्फोटांचा पाठलाग हेच तिचे काम आहे.

गिरगाव ते लालबाग : काय दिसते, काय नाही?

आता प्रत्यक्ष गच्चीवर जाऊ. मुंबई साधारण १९ उत्तर अक्षांशावर आहे. वृक समूहातला नवतारा खगोलीय विषुववृत्ताच्या ४० अंश दक्षिणेला. म्हणजे तो मुंबईतून सर्वांत वर आला तरी क्षितिजापासून ३१ अंशांवरच असणार. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, तेव्हा तीन मुठी. जूनअखेरीस तो रात्री सव्वानऊच्या सुमारास बरोबर दक्षिणेला येतो, नरतुरंग आणि वृश्चिक यांच्या मधे.

परळ-लालबागला या तीन मुठींमध्येच सगळे अडते. दीडशे मीटर उंचीचा टॉवर गच्चीच्या दक्षिणेला अडीचशे मीटरच्या आत असेल, तर ३१ अंशांपर्यंतचे आकाश त्याने खाल्लेच म्हणून समजा. गिरण्यांच्या जमिनींवर असे टॉवर एकटेदुकटे नाहीत. त्या मानाने दादरच्या शिवाजी पार्कचे मैदान मोकळे, पण भोवती दिव्यांची कमतरता नाही. गिरगाव चौपाटीवरून दक्षिणेला बॅकबेचे पाणी आणि पलीकडे नरिमन पॉइंटच्या इमारती. तिथे उंचीचा अडथळा कमी, उजेडाचा जास्त. व्हेलातला नवतारा तर मुंबईतून पाहण्याचा विचारच सोडलेला बरा. तो साडेसतरा अंशांवर चढतो खरा, पण जूनअखेरीस ते दुपारी घडते. अंधार पडेपर्यंत तो नैऋत्य क्षितिजाला टेकलेला असतो आणि पावणेनऊच्या आत मावळतो.

उजेडाचे गणित त्याहून कठीण. दक्षिण आणि मध्य मुंबईतून नुसत्या डोळ्यांनी, आकाश निरभ्र असले तरी, साधारण तिसऱ्या-साडेतिसऱ्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात. साडेपाचव्या प्रतीचा नवतारा ‘नुसत्या डोळ्यांनी दिसणारा’ हे वर्णन वांगणीला कसेबसे लागू पडेल, वरळीला अजिबात नाही. १०x५० चा बायनॉक्युलर मात्र शहरातूनही सातव्या प्रतीच्या पलीकडे नेतो. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड मोजक्या रंगलहरींचा होता, फिल्टर लावून तो बराच गाळता येई. पांढऱ्या एलईडीत सगळे रंग असतात आणि त्यातला निळा भाग हवेत अधिक विखुरतो. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हला पांढरे एलईडी लागले तेव्हा ओरड झाली आणि पुढे पिवळसर दिवे परत आले. ती ओरड ‘क्वीन्स नेकलेस’च्या सोनेरी रंगासाठी होती. ताऱ्यांसाठी कोणी भांडल्याचे आठवत नाही.

तिसरा अडथळा कुठल्याच पुस्तकात सापडत नाही : गच्चीची किल्ली. सुरक्षेच्या कारणाने बहुतेक सोसायट्यांच्या गच्च्या रात्री कुलूपबंद असतात. नवताऱ्याची बातमी रात्री नऊला आली आणि सेक्रेटरी गावाला गेले असतील, तर तिथेच विषय संपतो.

शहराने वेधशाळेला हुसकावण्याची ही पहिलीच वेळ नाही. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली ती खगोल निरीक्षण आणि अचूक वेळ ठेवण्यासाठी. बाळशास्त्री जांभेकर यांनी तिथे काम पाहिले. केरूनाना छत्रे वयाच्या सोळाव्या वर्षी तिथे साहाय्यक म्हणून लागले. पुढे ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदींसाठी प्रसिद्ध झाली. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म उपकरणे बिघडणार हे उघड होते. म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली गेली. ट्राम धावल्या त्या १९०७ मध्ये, म्हणजे वेधशाळा तीन वर्षे आधीच निघाली होती. ट्राम केव्हाच बंद झाल्या, अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत. अंधाऱ्या आकाशासाठी असा विचार महाराष्ट्रात अलीकडेच सुरू झाला. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. गिरगावकराला ते सोयीचे नाही, हे वेगळे सांगायला नको.

मग मुंबईकराने कशाकडे पाहावे?

उत्तर मुकुटातल्या ‘टी कोरोना बोरिआलिस’कडे. वर उल्लेख आलेला, उसळण्याच्या बेतात असलेला तारा तो हाच. १८६६ मध्ये आणि १९४६ मध्ये तो उसळल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे ऐंशी वर्षांचे अंतर. एरवी तो दहाव्या प्रतीचा, उसळला की दुसऱ्या प्रतीचा, ध्रुवताऱ्याच्या तोडीचा. सुमारे तीन हजार प्रकाशवर्षांवर असलेल्या या जोडीतला श्वेतबटू एका तांबड्या राक्षसी ताऱ्याचा वायू ओढतो. १९४६च्या स्फोटाआधी तो किंचित मंदावला होता. तसाच मंदपणा २०२३ मध्ये दिसल्याने स्फोट २०२४ मध्ये होईल असे भाकीत केले गेले. ‘नासा’नेही त्याचा गाजावाजा केला. २०२४ सरले, २०२५ अर्धे गेले, तरी तारा शांतच होता. भाकिते करणाऱ्यांनी आता तारखा देण्यात हात आखडता घेतला आहे आणि ते योग्यच.

हा तारा मुंबईसाठी खास आहे, कारण तो विषुववृत्ताच्या २६ अंश उत्तरेला आहे. तो मुंबईच्या माथ्यावरून, शिरोबिंदूपासून जेमतेम सात अंशांवरून जातो. त्याला टॉवर आड येत नाहीत. लालबागच्या जुन्या चाळीच्या चौकात उभे राहून मान वर केली तरी तो पट्टा दिसतो. आणि दुसऱ्या प्रतीचा तारा मुंबईच्या उजेडालाही पुरून उरतो. वृक आणि व्हेलातल्या नवताऱ्यांनी जे दिले नाही, ते हा देऊ शकतो.

अडचण वेळेची आहे. हा नवतारा नुसत्या डोळ्यांना दिसतो तो आठवडाभर, शिखरावर तर काही तासच. त्या आठवड्यात मुंबईवर सलग ढग राहिले तर पुढची संधी २१०५च्या आसपास.

१९४६ची कहाणी या बाबतीत बोलकी आहे. अमेरिकेतील ओहायोचे लेस्ली पेल्टियर हे हौशी निरीक्षकांमधले मोठे नाव. त्यांनी या ताऱ्यावर पंचवीस वर्षे पाळत ठेवली होती. फेब्रुवारीतल्या त्या रात्री ते उठले, पण सर्दी होणार असे वाटून पुन्हा झोपले. तारा त्याच रात्री उसळला. तो आधी पाहणाऱ्यांत सोव्हिएत रशियातला रेल्वेमार्गावर काम करणारा कामेनचुक नावाचा माणूस होता, आणि वेल्समधला पंधरा वर्षांचा एक मुलगा, मायकल वुडमन.

नोंद कशी करायची?

दुर्बिणीशिवायही करता येते. भूतप समूहातला नारिंगी स्वाती आणि शौरीच्या पलीकडचा अभिजित या दोन ठळक ताऱ्यांना जोडणारी रेघ मनात ओढली, की स्वातीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर उत्तर मुकुटाचे अर्धवर्तुळ आहे. त्यातला सर्वांत तेजस्वी अल्फेका २.२ प्रतीचा, शेजारचा नुसाकान ३.७ प्रतीचा. मुंबईतून बहुधा अल्फेकाच दिसेल, नुसाकानसाठी बायनॉक्युलर लागेल. अर्धवर्तुळाच्या पूर्वेकडच्या टोकाला लागून एक जास्तीचा तारा दिसला, तर त्याची या दोघांशी तुलना करायची. दोहोंच्या मधोमध तेज वाटले तर २.९ किंवा ३.०. अल्फेकाच्या जवळ वाटले तर २.५. सरावाने एक-दोन दशांशांची अचूकता येते आणि ती संशोधकांना चालते. सोबत वेळ लिहायची, जागतिक वेळेत, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. रात्री १०.१५ म्हणजे १६.४५. ‘एएव्हीएसओ’च्या संकेतस्थळावर ताऱ्याच्या नावाने तुलनेचे नकाशे विनामूल्य मिळतात, निरीक्षक म्हणून सांकेतिक अक्षरे मिळतात आणि नोंद पाठवायला सभासद असण्याची गरज नसते.

फोनने छायाचित्र काढायचे तर तिपाई किंवा कठड्याचा आधार हवा. प्रो मोडमध्ये आठ-दहा सेकंदांचे उद्भासन, झूम नाही, फ्लॅश नाही. ‘सुशोभित’ करणारे फिल्टर बंद, कारण ते ताऱ्यांचे तेज बदलतात.

‘दिसला नाही’ ही सुद्धा नोंदच, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रात्री १०.१० वाजता नुसाकान दिसत होता आणि त्याच्याइतका तेजस्वी जास्तीचा तारा तिथे नव्हता, एवढे लिहिले तरी ‘३.७ पेक्षा मंद’ अशी वैध नोंद होते. तारा दोन तासांनी युरोपात उसळलेला दिसला, तर स्फोटाची वेळ मुंबईतल्या या एका ओळीमुळे दोन तासांच्या आत बांधली जाते. स्फोटाच्या पहिल्या तासांत नेमके काय घडते, हा या साऱ्या अभ्यासातला सर्वांत कमी माहितीचा भाग आहे. त्यासाठी रात्रभर निरभ्र आकाश लागत नाही, दोन सरींमधली दहा मिनिटांची उघडीप पुरते.

पुढचे काही महिने आकाश कसे असेल?

जुलैच्या सुरुवातीला उत्तर मुकुट रात्री दहाच्या सुमारास डोक्यावर असतो. दर महिन्याला तो दोन तास आधी तिथे येतो, त्यामुळे ऑगस्टअखेर आणि गणपतीच्या दिवसांत तो अंधार पडताच पश्चिमेकडे कललेला असेल. लालबागच्या रोषणाईत त्याला शोधण्यापेक्षा समुद्राकडच्या बाजूला जाणे बरे. मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. तेव्हा तो संध्याकाळी वायव्य-पश्चिमेला असेल आणि रात्री दहाच्या सुमारास मावळेल. दादर चौपाटीवरून त्या बाजूला समुद्र आहे, म्हणजे मध्ये इमारती कमी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आठच्या आधीच मावळेल आणि मग काही दिवस संध्याकाळी हाती लागणार नाही. डिसेंबरच्या मध्यापासून पहाटे साडेचारच्या सुमारास ईशान्येला उगवू लागेल. त्या थंडीच्या पहाटा मुंबईत वर्षातल्या सर्वांत कोरड्या असतात. फक्त धुरके नसावे.